मालाडचा पिवळा, पोरबंदरचा पांढरा

मुंबईला पाहुणा आला की यादी ठरलेली. गेटवे, राणीची बाग, हाजी अली, सिद्धिविनायक, जुहू चौपाटी आणि जमलंच तर एखाद्या नटाचा बंगला, तोही फाटकाबाहेरून. टॅक्सी केली तर हे सगळं दोन दिवसांत उरकतं. पण परतीच्या गाडीत बसल्यावर पाहुण्याच्या लक्षात काय राहतं? गर्दी आणि घाम. माझा जन्म लालबागचा, सगळी नोकरी फोर्टात झाली, आणि या शहरावर माझा जीव आहे. आपल्या माणसाला आपलं शहर असं उरकून दाखवणं मला मुळीच पटत नाही. पाहुण्याच्या आवडीचा एक धागा धरावा आणि त्या धाग्याने शहर फिरावं. खाण्याचा धरा, गिरण्यांचा धरा, देवळांचा धरा, जुन्या नाट्यगृहांचा धरा. मुंबई प्रत्येकाला पुरून उरते.

या थंडीत माझी मैत्रीण आली तेव्हा कोणता धागा धरायचा हा प्रश्नच नव्हता. ती यवतमाळची. पुण्यात शिकताना हॉस्टेलला आम्ही एका खोलीत राहायचो. मी मराठी घेतलं, तिने भूगर्भशास्त्र. पुढे निवृत्त होईपर्यंत ती कॉलेजात तेच शिकवत राहिली. धामणगावला विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसून ती सकाळी सीएसएमटीला उतरली आणि बाहेर आल्याबरोबर सामान माझ्या हातात देऊन भिंतीजवळ गेली. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग तिच्या पर्समध्ये कायम असतं. “आधी दगड सांग, राजा-राणी मागून,” असं तिचं म्हणणं. मग काय, आम्ही मुंबई दगडांच्या मागोमाग पाहिली, आणि ज्या भिंतींच्या सावलीतून मी उभा जन्म ऑफिसला गेले त्या भिंती तिच्यामुळे मला जवळून कळल्या.

फोर्टातल्या जुन्या इमारती बघायच्या तर तीन दगड ओळखता आले पाहिजेत. पहिला काळा-राखाडी बसाल्ट. हा आपला सह्याद्रीचा, किल्ल्यांचा, गावाकडच्या घराच्या जोत्याचा. लाव्हा थंड होऊन झालेला आणि अतिशय कठीण. त्यावर बारीक नक्षी काढायची म्हणजे कारागिराची परीक्षाच. दुसरा मालाडचा पिवळा. हाही ज्वालामुखीचाच, पण काळ्या थरांनंतरच्या उद्रेकातला आणि वेगळ्या घडणीचा. भूगर्भवाले याला ट्रॅकाइट म्हणतात. मालाड, मनोरी, मढ या पट्ट्यात तो सापडतो. तिसरा पोरबंदरचा पांढरा चुनखडक. हा काठेवाडातून समुद्रमार्गे यायचा. मऊ असल्यामुळे पानं-फुलं, पक्षी, माणसांचे चेहरे काढायला हाच लागायचा. भिंतीला मुंबईचा दगड आणि नक्षीला पोरबंदरचा, अशी साधारण वाटणी.

सीएसएमटीला ही वाटणी डोळ्यांनी दिसते. त्यासाठी स्टेशनात घुटमळू नये. रस्ता ओलांडून महापालिकेच्या कोपऱ्यावर यावं आणि तिथून मान वर करून बघावं. पिवळट भिंती मालाडच्या. कमानींच्या कडा, जाळ्या, माकडं, मोर हे पांढऱ्या दगडातलं. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह आहे, तो इंग्लंडचा, आणि दुसरीकडे वाघ, तो आपला. १८७८ साली काम सुरू झालं, १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात स्टेशनला तिचं नाव दिलं गेलं आणि पुढच्या वर्षी बांधकाम पुरं झालं. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांचा, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्यांच्या हाताखाली सहायक अभियंता म्हणून रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य होते, हे किती जणांनी ऐकलंय? नक्षीकामावर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचे हात फिरले होते. पाहुण्यांना ही नावं, हे हात सांगितले पाहिजेत असं मला फार तळमळीने वाटतं. नाहीतर ऐकणाऱ्याच्या मनात एवढंच राहतं की गोरा साहेब आला, त्याने कागदावर रेघा ओढल्या आणि स्टेशन उभं राहिलं.

समोरच्या आरामचा वडापाव खाऊन आम्ही जीपीओकडे, म्हणजे मुख्य टपाल कचेरीकडे वळलो. जीपीओ १९१३ सालचं, जॉन बेग यांचं. घुमटात विजापूरच्या गोल घुमटाची छाया आहे. काळा बसाल्ट, त्यात पिवळ्या दगडाची किनार आणि जोडीला ध्रांगध्र्याचा पांढरा दगड, असे तिन्ही रंग एका भिंतीत बघायचे तर ही इमारत सर्वांत सोयीची. मागच्या अंगाला, सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारालगत, जुन्या किल्ल्याच्या तटाचा एक तुकडा अजून उभा आहे. फोर्ट, चर्चगेट, बझारगेट ही नावं आपण रोज घेतो, पण तो किल्ला कुठे गेला हे बहुतेकांना माहीत नसतं. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडले गेले. त्याच सुमाराला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि १८६१ ते १८६५ या काळात इथल्या कापसाच्या व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. तट गेल्याने मोकळी झालेली जागा आणि कापसाचा पैसा एकत्र आले. हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर ही सगळी रांग त्यातून उभी राहिली. माझ्या मैत्रिणीचे वडील कापसाचे शेतकरी. ती तटाच्या दगडावर हात ठेवून म्हणाली, “म्हणजे आमच्या वऱ्हाडातल्या कापसाचाही यात वाटा आहे.” आहेच. त्या तेजीत वऱ्हाडचा कापूस रेल्वेने आणि गाड्यांनी मुंबई बंदराकडे येतच होता.

भिंगाची खरी गंमत एका गल्लीत घडली. जुन्या इमारतीच्या दारालगतचं पांढरं नक्षीकाम हाताच्या उंचीवर होतं आणि त्यातल्या एका पानाची कड तुटलेली होती. मैत्रिणीने भिंग डोळ्याला लावलं, तोंड दगडापाशी नेलं, आणि मग मला जागा करून दिली. नुसत्या डोळ्यांना जो दगड एकसारखा पांढरा दिसत होता तो भिंगाखाली सुटा सुटा झाला. बारीक गोल दाणे, एकमेकांना चिकटलेले, मधे मधे पोकळ्या, काही दाण्यांच्या पोटात वळणावळणाची रेघ. ती म्हणाली, समुद्रातल्या अतिसूक्ष्म जीवांची ही कवचं. त्यांची वाळू साठली, चुन्याने सांधली गेली आणि तिचा खडक झाला. म्हणजे या इमारतींवरची सगळी पानंफुलं मुळात शंखशिंपल्यांच्या जातीची. मी तिथून जायला तयारच होईना.

त्याच पानावर तिने मला रोगही दाखवला. कडेला बोट लावलं तर पांढरी पूड बोटावर आली. समुद्राची खारी हवा दगडाच्या पोकळ्यांत शिरते, पाणी उडून जातं, मीठ मागे राहून त्याचे स्फटिक होतात आणि ते वाढताना दाणे आतून ढकलतात. धुरातल्या आम्लाने चुनखडक विरघळतो तो वेगळाच. पण तिला राग आला तो सांध्यांचा. जुन्या इमारतीची डागडुजी करताना सांध्यात सिमेंट भरून टाकतात. पूर्वी तिथे चुना असायचा. मळताना त्यात गूळ, बेलफळ घालायची पद्धत होती. चुन्याच्या सांध्यातून भिंतीत मुरलेलं पाणी हळूहळू बाहेर पडतं. सिमेंटचा सांधा पाणी अडवतो, मग ते दगडातूनच वाट काढतं आणि जाता जाता दगड फोडतं. सांधा शाबूत, दगड गेला, असा उलटा प्रकार होतो. ज्यांच्या सोसायटीची, वाड्याची किंवा देवळाची दगडी भिंत जुनी आहे त्यांनी मिस्त्रीच्या हातात सिमेंटचं घमेलं देण्याआधी हे जरूर लक्षात घ्यावं.

हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटन आहे, १८६४ सालचं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडातलं. कित्येक वर्षं त्यावर रंगाचे हात चढत गेले होते. ते खरवडून, दुरुस्ती करून २०१९ मध्ये कारंजं पुन्हा वाहतं झालं. त्या कामाच्या वेळी जमिनीखाली ट्रामचे रूळ सापडले. आमच्या आईच्या बोलण्यात ट्राम हमखास यायची. शेवटची ट्राम धावली ३१ मार्च १९६४ ला. पण इथे मी दगड बाजूला ठेवते. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात संयुक्त महाराष्ट्रासाठी जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. लालबाग-परळमधून गिरणी कामगार चालत इथे आले होते. त्या आंदोलनात शंभरावर माणसं गेली तेव्हा १९६० साली मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. यवतमाळची बाई आणि लालबागची बाई एका राज्याच्या म्हणून या चौकात उभ्या होत्या त्या त्यांच्यामुळे. हातात मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगारांच्या पुतळ्यापुढे आम्ही दोघींनी हात जोडले.

तिथून ओव्हल मैदान पाच मिनिटांवर. सकाळी क्रिकेटची पोरं असतात, त्यांच्या सीमारेषा चुकवत मधोमध जाऊन उभं राहावं. पूर्वेला तोंड केलं की एकोणिसाव्या शतकातला दगड: हायकोर्ट, विद्यापीठ, राजाबाई टॉवर. पश्चिमेला वळलं की १९३० च्या सुमाराची काँक्रीटची आर्ट डेको घरं: गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, खिडक्यांवर सलग सज्जे, गिलाव्यात काढलेल्या लाटा आणि सूर्यकिरणं. दोन्ही बाजू आणि मरीन ड्राइव्ह मिळून ९४ इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा ठरवलं. मैदानाच्या पलीकडे पूर्वी समुद्र होता; तो भराव घालून मागे सारला, आणि त्या भरावासाठी कांदिवलीकडची टेकडी फोडून तिचा मुरूम रेल्वेने आणला गेला. मैत्रीण यावर खूप वेळ गप्प होती. मग म्हणाली, “एवढा डोंगर उचलून आणला, तो फोडणाऱ्यांची वस्ती कुठं होती?” पाहुणा असं काही विचारतो तेव्हा मला त्याला घेऊन आल्याचं सार्थक वाटतं. कामाठीपुरा हे नाव आता भलत्याच कारणाने घेतलं जातं; पण ती मुळात निजामाच्या मुलखातून आलेल्या कामाठी लोकांची, बांधकामावर राबणाऱ्या मजुरांची वस्ती. सुरुंग लावणारे वडार, टाकी चालवणारे पाथरवट यांची नावं कुठल्याच कोनशिलेवर नाहीत. त्यांच्या टाकीचे घाव मात्र आहेत. हायकोर्टाच्या बाजूने चालताना काळ्या दगडावर तिरप्या, समांतर खुणा दिसतात. ऊन तिरपं असताना बोट फिरवलं तर त्या बोटाला लागतात.

राजाबाई टॉवर २८० फूट उंच. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने पैसे दिले, सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून आराखडा काढला, १८७८ मध्ये काम पुरं झालं. स्कॉट मुंबईला कधी आलेच नाहीत. मनोऱ्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, आणि ते घडवले मुकुंद रामचंद्र या इथल्याच सहायक अभियंत्याने. मैदानावरून ते नीट दिसत नाहीत, दुर्बीण नेली तर पगड्या ओळखता येतात. दुर्बीण न्याच.

काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेलची इमारत, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, दगडांच्या या गर्दीत लोखंडाची उभी आहे. तिचा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, सुटे भाग जहाजाने आणून १८६० च्या दशकात इथे जोडला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं हिंदुस्थानात प्रथम दाखवली गेली ती या इमारतीत. आज तिची अवस्था बघवत नाही. पलीकडच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात मात्र कुर्ल्याचा राखाडी बसाल्ट आणि मालाडचा पिवळा दगड नीट राखलेला आहे, आणि आत जायचं तर अर्धा दिवस हाताशी ठेवून जावं. आम्ही बाहेरूनच भिंती पाहून गेटवेकडे निघालो.

गेटवेबद्दल थोडक्यात सांगते, कारण तो सर्वांना माहीत असतो. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात इथे उतरला तेव्हा कमान नव्हतीच, तात्पुरता मंडप होता. जॉर्ज विटेट यांची कमान पुरी झाली १९२४ मध्ये. कामावर देखरेख होती रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई यांची. दगड मालाडजवळच्या खारोडीचा पिवळा, दगडी जाळ्या ग्वाल्हेरच्या. पण कमानीची पंचविशी पुरी व्हायच्या आत, २८ फेब्रुवारी १९४८ ला, शेवटची गोरी पलटण याच कमानीखालून बोटीत चढली.

आता ज्या जागेसाठी हा लेख लिहायला घेतला तिथे येते. मुंबईत आयुष्य काढलेल्या दहा माणसांना विचारा, अंधेरीचा गिल्बर्ट हिल पाहिलाय का? बहुतेकांनी नाव ऐकलेलं असतं, पाहिलेला नसतो. हुतात्मा चौकातून नव्या भुयारी मेट्रोने मरोळ नाक्यापर्यंत जावं आणि तिथे गाडी बदलून अंधेरी. ही ३३ किलोमीटरची मेट्रो दख्खनच्या खडकातून खोदत नेलीय, त्यामुळे मैत्रिणीला हा प्रवासही दगड पाहण्यात धरायचा होता. अंधेरी पश्चिमेला रिक्षावाल्याला गावदेवी डोंगर म्हटलं की तो अचूक नेतो.

वस्तीच्या आणि टॉवरच्या मधून एकदम समोर उभा राहतो तो काळा सुळका, सुमारे २०० फूट, जवळजवळ ताठ. अंगावर उभ्या रेघा. जवळ गेल्यावर कळतं की त्या रेघा नाहीत, दगडाचे खांब आहेत, एकाला एक चिकटून उभे. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा जमिनीत जाड साठून सावकाश निवला. निवताना आकसला, आणि उन्हाळ्यात तळ्याचा गाळ सुकून तडकतो तसा तडकला. फरक इतकाच की तडे वरून आत खोलवर उतरत गेले आणि पाच-सहा बाजूंचे खांब सुटे झाले. “हे पाय, याला सहा बाजू,” मैत्रीण एकेका खांबावर हात ठेवून मोजत होती, तिच्यातली वर्गातली बाई जागी झाली होती. अमेरिकेत वायोमिंगमध्ये असाच डेव्हिल्स टॉवर आहे. तो पाहायला जगातून लोक जातात.

हा डोंगर पूर्वी याहून मोठा होता. खाणवाल्यांनी चहूबाजूंनी फोडला, खडीत गेला. २००७ मध्ये महापालिकेने त्याला वारसा यादीत घेतलं. तरी पायथ्याला अगदी खेटून घरं आहेत, पावसाळ्यात तुकडे सुटण्याची भीती असते. मुंबईला शेकडो वर्षांपूर्वीची देवळं आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, आणि शहराच्या मधोमध सहा कोटी वर्षांचा हा दगड आहे. तो राखायला हवा, पायथ्याच्या लोकांना सुरक्षित घरं देऊन राखायला हवा, आणि दर वर्षी शाळांच्या सहली इथे यायला हव्यात. माझं हे कळकळीचं मागणं आहे.

वर जायला दगडात पायऱ्या आहेत. माथ्यावर गावदेवीचं देऊळ, छोटीशी बाग, आणि वारा. गुडघे दुखत असतील तरी थांबत थांबत चढता येतं, आम्ही तशाच चढलो. वर देवीची ओटी भरून दोघी कठड्याशी टेकलो. मैत्रीण पश्चिमेकडे हात करून मनोरी, मढच्या बाजूला मालाडचा पिवळा खडक कसा आलाय ते सांगत होती. वरळीच्या टेकडीत लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात एकोणिसाव्या शतकात बेडकांचे जीवाश्म सापडले होते, हेही तिनेच मला सांगितलं. दोन उद्रेकांच्या मधे इतका काळ गेला की तिथे गोड्या पाण्याचं तळं झालं, त्यात बेडूक नांदले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. वरळीला माझी मावशी चाळीत राहायची. तिच्या घरी जाताना ती टेकडी मी कितीदा तरी चढले आहे.

घारापुरी आणि कान्हेरी या खेपेला राहिलं. दोन्ही ठिकाणं सोमवारी बंद असतात आणि आमच्या हाताशी नेमका सोमवारच उरला होता. पुढच्या थंडीत ती आली की आधी बोरिवलीला जायचं ठरलंय, कारण कान्हेरीत तिला मूर्तींच्या आधी पाण्याच्या टाक्या पाहायच्या आहेत. शंभरावर लेणी, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या दाराशी कातळात खोदलेली टाकी, पावसाचं पाणी तिथवर आणणारे पन्हळ. ती म्हणते, छिद्र नसलेला दगड कुठे आणि पाणी जिरवणारा कुठे, हे कळल्याशिवाय एकही टाकी खोदता आली नसती.